तीन हजारांचा कॅमेरा घेताय? आधी शटर पाडून बघा

दर बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. उद्यम नोंदणी, जीएसटी, गाळ्याचं डिपॉझिट हे सगळं बोलून झालं की मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर करतं. "सर, दुकानाबाहेर लावायला तीन हजाराच्या आतला बेस्ट कॅमेरा कोणता?" त्यांना एका कंपनीचं नाव हवं असतं, म्हणजे लगेच मोबाईल काढून ऑर्डर टाकता येईल. मी नाव सांगत नाही. का सांगत नाही ते आज सविस्तर लिहितोय, कारण व्हिडिओत एवढं आकडेवारीचं बोललो तर अर्धे लोक सोडून जातात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन दुकानदाराने चार स्वस्त कॅमेरे घेण्यापेक्षा दोन घ्यावेत. उरलेल्या पैशांत बाहेर एक चांगला एलईडी दिवा, राउटरसाठी छोटा यूपीएस आणि शटरला सेंटर लॉक घ्यावं. चार कॅमेऱ्यांचा बोर्ड लावून जी निश्चिंती येते, ती बहुतेक वेळा खोटी असते. आणि धंद्याच्या पहिल्या वर्षात ही खोटी निश्चिंती महाग पडते. मोबाईल ॲक्सेसरीजच्या छोट्या दुकानातून एका रात्रीत पन्नास हजाराचा माल गेला, तर ते पन्नास हजार तुमचे नसतात. अर्धे होलसेलरच्या उधारीचे असतात, अर्धे बायकोच्या किंवा आईच्या गहाण ठेवलेल्या दागिन्यांचे. त्या दिवशी पोलिसांसमोर तुम्ही रेकॉर्डिंग लावता आणि पडद्यावर एक काळी आकृती इकडून तिकडे जाते. चेहरा नाही, काही नाही. टोपी घातलेली दिसते, बस.

मागच्या पावसाळ्यात मी चिपळूणला आमच्या दुकानासमोर एकाच पत्र्याच्या शेडखाली तीन प्रकारचे कॅमेरे शेजारी शेजारी लावले होते. एक वायफायवाला, कार्डवर रेकॉर्डिंग करणारा. दुसरा सिम कार्डवर चालणारा, सोलर पॅनल आणि बॅटरीचा. तिसरा साधा दोन मेगापिक्सेलचा वायरवाला, आत डीव्हीआरला जोडलेला. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एक तर त्याच नावाचं मॉडेल सहा महिन्यांत आतून बदलतं, आणि दुसरं म्हणजे फरक कंपनीपेक्षा प्रकारात जास्त आहे. तो फरक कळला की कंपनी तुमची तुम्ही निवडू शकता.

मेगापिक्सेलचा हिशोब

दुकानदार बॉक्सवरचा आकडा दाखवतो. २ मेगापिक्सेल, ३ मेगापिक्सेल, ४ मेगापिक्सेल. आपल्याला वाटतं, चार म्हणजे दोनच्या दुप्पट चांगला. थोडं गणित करूया, दहावीच्या पलीकडचं काही नाही.

२ मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. ४ मेगापिक्सेलचं २५६०. म्हणजे रुंदीत वाढ फक्त एक तृतीयांश. आता सीसीटीव्हीच्या क्षेत्रात एक मापदंड वर्षानुवर्षं वापरला जातो, आयईसी ६२६७६-४ नावाचा. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा असेल तर चित्रात एक मीटर रुंदीला २५० पिक्सेल मिळायला हवेत. ओळखीचा माणूस 'हाच तो' म्हणून सांगायला १२५ चालतात. कोणीतरी आहे एवढंच कळायला २५ पुरतात.

आता १९२० ला २५० ने भागा. साधारण ७.७ मीटर आले. म्हणजे चित्राची रुंदी जिथे ७.७ मीटरपेक्षा जास्त होते, तिथून पुढे चेहरा गेला. स्वस्त बाहेरच्या कॅमेऱ्यांना रुंद लेन्स असते, २.८ मिलिमीटरची वगैरे. पाहण्याचा कोन ९० अंश धरला तर समोरच्या अंतराच्या दुप्पट रुंदी चित्रात येते. म्हणजे चेहरा ओळखू येणार फक्त पावणेचार मीटरपर्यंत. बारा-साडेबारा फूट! ४ मेगापिक्सेल घेतला तर साधारण पाच मीटर, सतरा फुटांच्या आसपास. तेही दिवसा, स्वच्छ उजेडात, माणूस समोर बघत असेल तर.

आणि बॉक्सवर काय लिहिलेलं असतं? 'नाईट व्हिजन ३० मीटर'. ते खोटं नाही बरं का. तीस मीटरवरचा माणूस दिसतो. तो कोण आहे ते दिसत नाही.

आता यातली गंमत बघा. तोच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ मिलिमीटर लेन्समध्ये घेतला, तर कोन साधारण ५० अंश होतो आणि चेहरा आठ मीटरपर्यंत, म्हणजे २६-२७ फुटांपर्यंत मिळतो. किंमत जवळपास तीच. मेगापिक्सेल दुप्पट करून जे मिळालं नाही ते लेन्स बदलून मिळालं. पण ऑनलाइन घेताना लेन्सची ओळ कोणी वाचत नाही, आणि बरेचसे वायफाय कॅमेरे तर एकाच लेन्समध्ये येतात. वायरवाल्या कॅमेऱ्यात हा पर्याय सहज मिळतो, फक्त मागावा लागतो. "सहा एमएमचा द्या" म्हणा. समोरच्याने "त्यात एरिया कमी येतो साहेब" असं सांगितलं तर तो बरोबर सांगतोय. एरिया कमी येतो म्हणूनच चेहरा मिळतो. म्हणून तर मी दोन कॅमेरे म्हणतोय: एक रुंद, संपूर्ण दर्शनी भागासाठी. एक अरुंद, शटरसमोरच्या जागेसाठी किंवा जिथून माणसाला यावंच लागतं त्या बोळासाठी.

उंचीचंही तसंच. कोणी हात लावू नये म्हणून लोक कॅमेरा पंधरा फुटांवर चढवतात. तिथून माणसाच्या डोक्याचा भोवरा उत्तम दिसतो. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा आठ-नऊ फुटांवर हवा. रुंदवाला खुशाल वर लावा, तो खालच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवेल.

गाडीच्या नंबरप्लेटचं विचारूच नका. दुचाकीची मागची हाय सिक्युरिटी प्लेट २०० मिलिमीटर रुंद असते. २५० पिक्सेल प्रति मीटरने तिला पन्नास पिक्सेल आले, त्यात दोन ओळी. दिवसा नशीब असेल तर वाचता येते. रात्री ती प्लेट कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड सरळ परत फेकते आणि चित्रात पांढरा चौकोन उरतो. नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा हा वेगळा प्रकार आहे, त्याचं बजेट वेगळं. तीन हजारात 'नंबरप्लेट पण येते' म्हणणाऱ्याला रात्री नऊ वाजता डेमो मागा.

रात्र

खरी तुलना रात्री होते, कारण चोर दुपारी डेमोला येत नाही. हल्ली 'कलर नाईट व्हिजन' हा शब्द विकला जातो. आमच्या तीनपैकी दोन कॅमेऱ्यांत तो होता. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात उभ्या स्कूटरचा रंगसुद्धा सुंदर येत होता. पण माणूस चालायला लागला की तो पुसल्यासारखा दिसायचा.

याचं कारण साधं आहे. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो. समजा एक सेकंदाचा बारावा भाग. सरासरी माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो. तेवढ्या वेळात तो ११-१२ सेंटिमीटर पुढे सरकतो. माणसाचा चेहरा जेमतेम पंधरा सेंटिमीटर रुंद. संपला चेहरा! उभी स्कूटर छान आणि चालता माणूस धुरकट, हे त्यामुळे होतं. जाहिरातीतले फोटो नेहमी उभ्या वस्तूंचे का असतात ते आता लक्षात येईल.

यावर उपाय कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. (हो, माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, म्हणून संशय घ्या हवा तर.) वीस वॅटचा बाहेर चालणारा एलईडी फ्लड लाईट घ्या. तो लागला की दोन मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा अंधारातल्या चार मेगापिक्सेलला मागे टाकतो. आमच्याकडे हे आम्ही तीनही कॅमेऱ्यांवर दिवा लावून आणि बंद करून बघितलं. फरक दिव्याने पडला. महिन्याचं बिल काढा: वीस वॅट, रात्री दहा तास, म्हणजे महिन्याला सहा युनिट. दिवा कॅमेऱ्याच्या मागून किंवा बाजूने पडेल असा लावा, तोंडावर नको.

इन्फ्रारेडचा आणखी एक त्रास आमच्या कोकणात फार. त्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि कोळी नेमका लेन्ससमोर जाळं विणतो. रात्री ते जाळं पांढरंशुभ्र चमकतं आणि हलत असतं. मोबाईलवर रात्रभर 'हालचाल आढळली' असे मेसेज. चार दिवसांनी माणूस नोटिफिकेशन बंद करून टाकतो, आणि बंद केलेली नोटिफिकेशन परत कोणी चालू करत नाही. पावसाच्या धारांचंही तेच. म्हणून ज्या कॅमेऱ्यात माणूस आणि बाकीची हालचाल वेगळी ओळखायची सोय आहे, त्याला मी दोन-तीनशे रुपये जास्त देईन. आणि दर रविवारी केरसुणी फिरवा. हे काम कुठलंही ॲप करत नाही.

पाऊस, ऊन, वीज

बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी ६५, ६६, ६७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, ६६ म्हणजे जोरदार फवारा, ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कागदावर तिन्ही ठीक. पण हा आकडा कॅमेऱ्याच्या डब्याचा असतो. त्याच्या शेपटीला जी पिन लोंबकळत असते, अडॅप्टरची किंवा नेटवर्क केबलची, तिला तो लागू होईलच असं नाही. कोकणातल्या पावसात कॅमेरे मरतात ते बहुतेक त्या जोडावर. पिनेला हिरवट बुरशीसारखं गंज चढतं आणि चित्र जायला लागतं. शंभर रुपयांचा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स लावा, सगळे जोड आत घ्या, वायर बॉक्समध्ये जाण्याआधी खाली लोंबती ठेवा म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता खाली गळतं. फिटिंगवाला हा बॉक्स वाचवायला बघतो. त्याला वाचवू देऊ नका.

सोलरवाला कॅमेरा विकणारे 'ना वायर, ना बिल' म्हणतात. शेतातल्या पोल्ट्रीला, गावाबाहेरच्या गोदामाला, जिथे वीजच नाही तिथे तो खरंच उपयोगी आहे. पण तो बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेला असतो. माणसाची ऊब जाणवली की जागा होतो आणि मग रेकॉर्डिंग सुरू करतो. जागं व्हायला एखाद-दोन सेकंद गेले की समोरून झपकन गेलेल्या माणसाची फक्त पाठ मिळते. आमच्याकडे आषाढात सलग ढग राहिले तेव्हा छोट्याशा पॅनलवर बॅटरी भरेना, आणि एका आठवड्यात तो खाली उतरवून घरात चार्ज करावा लागला. विदर्भातल्या मित्रांसाठी वेगळीच अडचण आहे. तो ऊब ओळखणारा सेन्सर माणसाचं शरीर आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक बघतो. मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याला संध्याकाळी भिंतच माणसाएवढी तापलेली असते. फरकच उरत नाही, तर सेन्सर जागा कशावर होणार? शिवाय सिमचा डेटा. १ एमबीपीएसने लाईव्ह बघत बसलात तर तासाला ४५० एमबी जातात.

आता वायफायवाल्याकडे येतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकजण तोच घेणार आहात. घ्या, वाईट नाही. ॲप सोपं, फिटिंग सोपं, चित्र चांगलं. पण दुकानात एक गोष्ट घरापेक्षा वेगळी आहे. राउटर आत, कॅमेरा बाहेर, आणि मध्ये लोखंडी शटर. दिवसा शटर वर असतं, सिग्नल फुल्ल, सगळे खूश. रात्री शटर खाली आलं की सिग्नल अडतो. म्हणजे कॅमेरा नेमका त्या वेळी तुटतो ज्या वेळेसाठी घेतलाय. म्हणून राउटर लावून झाल्यावर शटर पूर्ण पाडा, बाहेर उभं राहा, स्वतःच्या मोबाईलचा डेटा वापरून लाईव्ह चित्र दहा मिनिटं बघा. अडखळलं तर राउटर शटरच्या वरच्या भिंतीपाशी न्या, किंवा गपगुमान वायरवाला घ्या.

लाईट गेली की काय? कॅमेरा बंद, राउटर बंद. चोराला मेन स्विच बाहेरून कळतो, आणि अनेक गाळ्यांचे मीटर बाहेरच असतात. राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो आणि राउटर व एक कॅमेरा काही तास चालवू शकतो. फक्त कॅमेऱ्याच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट वाचून घ्या. काही कॅमेरे ९ व्होल्टचे, काही ५ व्होल्टचे असतात.

रेकॉर्डिंग कुठे राहतं यावर मी सगळ्यात जास्त भांडतो. कार्ड कॅमेऱ्यात असतं. चोराने कॅमेराच उपटून नेला तर पुरावा त्याच्याच खिशात गेला. २ एमबीपीएसने सतत रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला २१-२२ जीबी लागतात. १२८ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवस. तुम्ही गणपतीला गावी गेलात, आठव्या दिवशी आलात, पहिल्याच रात्री चोरी झालेली असेल तर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढलेलं असतं. आणि साधं मोबाईलचं कार्ड चोवीस तास लिहिण्यासाठी बनलेलं नसतं, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या. डीव्हीआरमध्ये एक टीबीची डिस्क असेल तर दोन कॅमेऱ्यांचं त्याच दराने तीन आठवडे आरामात राहतं. डीव्हीआर मात्र काउंटरखाली, सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. पोटमाळ्यावर, कुलपात ठेवा. २०२१ चा महापूर बघितलेल्या आम्हा चिपळूणकरांना उंचावर का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तर पैशांचा हिशोब. दर हलत असतात, पण साधारण दहा-बारा हजारात दोन वायरवाले कॅमेरे, चार चॅनलचा डीव्हीआर, डिस्क, केबल आणि फिटिंग बसतं. तीन वर्षांवर पसरा, महिन्याला तीनशे-साडेतीनशे. तेवढं आज शक्य नसेल तर एक चांगला वायफाय, दिवा आणि सेंटर लॉक, सहा हजारांच्या आत. दुसरा कॅमेरा दिवाळीनंतर.

घेताना बिलाशिवाय घेऊ नका. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात नवीन बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेली सायबर सुरक्षेची चाचणी आणि बीआयएस नोंदणी बंधनकारक झाली आहे. त्यामुळे जुना साठा खपवण्याची घाई बाजारात दिसत होती. बॉक्सवरचा नोंदणी क्रमांक बघा आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, ते कंपनीचा मूळ पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणूनच.

शेवटचा मुद्दा घड्याळाचा. हसू नका. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत दाखल झाला की नंतर, यावर कैलास गोरंट्याल आणि अर्जुन खोतकर यांच्यात खटला उभा राहिला आणि वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगपर्यंत गेला. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची असेल तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागणारच. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे ते प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं. एक भाग रेकॉर्डिंग देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू त्यात लिहायची.

म्हणून चोरी झालीच तर मोबाईलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्याने फाईलही बदलते आणि चोरही सावध होतो. डीव्हीआरमधून मूळ फाईल पेनड्राइव्हवर काढा, कार्डवाला कॅमेरा असेल तर कार्ड काढून तसंच बाजूला ठेवा, नवीन कार्ड घाला. आणि रेकॉर्डिंगवरची वेळ बरोबर आहे का ते आजच तपासा. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला नसेल तर त्याचं घड्याळ हळूहळू सरकतं, आतला सेल गेला तर थेट जुन्या वर्षात जातं. दर महिन्याच्या एक तारखेला, भाड्याचा चेक लिहिताना, मोबाईलशी वेळ जुळवून घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे.